भरती आणि ओहोटी

पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागले की पेण, नागोठणे, कोलाड मागे टाकत माणगाव येते. माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. गणपतीला कोकणात निघालेल्या गाड्या त्याच्या जवळून जातात आणि आतल्या बहुतेकांना तो कोणाचा, हे ठाऊक नसते. घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १९४४ साली ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होते आणि त्यांच्या हाताखाली एक सेक्शन, म्हणजे जेमतेम दहा माणसे होती. १० जुलैला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. घाडगे सोडून सगळे पडले, कोणी ठार, कोणी जखमी. घाडगे एकटे त्या मोर्चावर धावले. ग्रेनेड टाकून त्यांनी गन बंद पाडली आणि टॉमीगनने एकाला टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा टॉमीगन नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या आणि जिंकलेल्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

अशा कथा शौर्यकथा म्हणून सांगितल्या जातात, आणि त्या तशा आहेतच. पण मला नेहमी त्यामागचा प्रश्न खुणावतो. भातखाचरात वाढलेला तरुण परक्या देशातल्या डोंगरात दहा माणसांचा नायक कसा झाला? धैर्य त्याचे स्वतःचे होते. पण ग्रेनेड किती अंतरावरून टाकायचा, तो फुटल्यावर कोणत्या क्षणी उठायचे, हे त्याला कोणीतरी शिकवले होते. सैन्यात शिकवणाऱ्याला ‘उस्ताद’ म्हणतात. युद्धकाळात माणसे मिळवणे तुलनेने सोपे असते. कमी पडतात ते उस्ताद. आपल्या कोकणातल्या पलटणींचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास नीट पाहिला, तर ही गोष्ट स्पष्ट दिसते.

आधी भरतीचे बघू. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानी सैन्याची हळूहळू फेररचना केली. काही जाती-जमाती जन्मतःच लढाऊ आणि बाकीच्या नाहीत, हा सिद्धान्त त्यातून पुढे आला. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्‌स त्याचे खंदे पुरस्कर्ते. त्यांचा भर पंजाब, सरहद्द आणि नेपाळवर होता. मुंबई आणि मद्रासकडच्या पलटणींबद्दल त्यांचे मत चांगले नव्हते. मराठ्यांची भरती चालू राहिली, कोकणी मराठा आणि देशावरचा मराठा अशा वेगवेगळ्या खात्यांत. महारांची भरती मात्र १८९२ च्या सुमारास बंद झाली. ज्या समाजातल्या शिपायांची नावे भीमा कोरेगावच्या युद्धस्मारक स्तंभावर कोरलेली होती, त्याला एका धोरणाने बाहेर काढण्यात आले.

याचा सर्वांत मोठा फटका महाड, दापोली, मंडणगड या पट्ट्याला बसला. दापोलीचा कॅम्प म्हणजे मुंबई सैन्यातल्या पेन्शनरांची वस्ती. पलटणीत शाळा असत आणि शिपायांची मुले त्यांत शिकत. महारांच्या दोन पिढ्यांना अक्षरओळख झाली ती तिथे. सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांचे धाकटे चिरंजीव म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. भरती बंद होणे म्हणजे पगार, पेन्शन आणि शाळा एकदमच बंद होणे. महाडजवळच्या रावढुळचे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त हवालदार. त्यांनी १८९४ मध्ये या बंदीविरुद्ध विनंतिअर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. दार उघडले नाही. ते उघडायला महायुद्ध यावे लागले.

१९१४ मध्ये हिंदुस्थानी सैन्यात लढणारे शिपाई साधारण दीड लाख होते. पायदळातल्या शिपायाला महिना ११ रुपये पगार मिळे आणि त्यातूनच त्याला पोटाला खावे लागे. कोकणातल्या तरुणापुढे दुसरा रस्ता मुंबईच्या गिरणीचा होता. एकच पीक देणारी वरकस जमीन, चार भाऊ आणि डोक्यावर सावकार, अशा घरातला एक मुलगा गिरणीत आणि एक पलटणीत, ही वाटणी गावोगाव ठरून गेलेली. भरतीचे खरे काम सुट्टीवर आलेला हवालदार करी. गावातली दोन-चार पोरे तो स्वतःबरोबर घेऊन जाई आणि त्यांच्या वागण्याची हमीही देई. पलटण म्हणजे भावकीच असल्यासारखे होते. शांततेच्या काळात ही पद्धत चांगली चाले.

युद्धात तिचे दोष उघडे पडले. पलटणीचे जवान मारले गेले की त्यांच्या जागी त्याच वर्गातली माणसे हवीत, आणि राखीव दलात होते ते बरेचसे वय झालेले पेन्शनीच्या वाटेवरचे लोक. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहावी पूना डिव्हिजन गेली. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. बगदादच्या रोखाने घाईने पुढे गेलेले हे सैन्य मागे रेटले गेले आणि डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमाराला वेढ्यात अडकले. वेढा १४७ दिवस चालला. अन्न संपत आले तेव्हा घोडे कापावे लागले. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे नाकारले. स्कर्व्हीसारख्या रोगांनी ते खंगत गेले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार सैनिक शरण गेले. त्यांतले पुष्कळ कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत मेले.

या पराभवाची एक बाजू क्वचितच बोलली जाते. कुतमध्ये तीन मराठा पलटणींचे शिपाई तर गेलेच, पण त्यांचे नाईक, हवालदार, सुभेदारही गेले. नवा रंगरूट गावातून आणता येतो. पंधरा वर्षे मुरलेला हवालदार कोणत्या गावातून आणणार? त्या पलटणी सुट्टीवरच्या, दवाखान्यातल्या आणि डेपोत राहिलेल्या मूठभर जुन्या माणसांवर पुन्हा उभ्या कराव्या लागल्या.

युद्ध लांबले आणि नियम सैल होऊ लागले. १९१७ पासून शिपायाला शिधा फुकट मिळू लागला. जातवार भरतीऐवजी प्रदेशवार भरती सुरू झाली आणि तिच्यावर देखरेखीसाठी मध्यवर्ती भरती मंडळ नेमले गेले. ज्यांना कालपर्यंत ‘लढाऊ नाहीत’ म्हणून परत पाठवले जाई, त्या अनेक समाजांना आता बोलावणे आले. त्याच साली १११ महार ही पलटण उभी राहिली. पंचवीस वर्षांत महारांच्या रक्तात काहीही बदललेले नव्हते. सरकारची गरज बदलली होती. लढाऊ जातीच्या सिद्धान्ताचा पोकळपणा दाखवायला याहून वेगळा पुरावा मला लागत नाही.

त्या भरतीच्या वेळी महाराष्ट्रात एक मोठा वाद झाला. जून १९१८ मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्ध परिषद बोलावली. लोकमान्य टिळक बोलायला उभे राहिले आणि स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नरांनी त्यांना थांबवले; टिळक सभा सोडून निघून गेले. सैन्यात जायला त्यांचा विरोध नव्हता. हिंदी माणूस गोळी खायला चालतो, तर अधिकारी म्हणून का चालत नाही, हा त्यांचा सवाल होता. हिंदी तरुणांना अधिकारपदे देण्याचे वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो, असे त्यांनी गांधीजींना कळवले आणि बोलाची हमी म्हणून पन्नास हजारांचा चेक पाठवला. गांधीजींनी तो परत केला. टिळकांचा मुद्दा भावनेचा वाटतो, पण तो लष्करी दृष्टीनेही पक्का होता. सैन्य दहापट वाढवायचे तर अधिकारी कुठून तरी आणावेच लागतात, आणि पुढच्या युद्धात इंग्रजांना ते हिंदी तरुणांतूनच आणावे लागले.

युद्ध संपले, पैसा आटला. १११ महार १९२१ मध्ये मोडण्यात आली. मेसोपोटेमिया आणि पॅलेस्टाइनमधल्या कामगिरीनंतर मराठा पलटणींबद्दलचे साहेबांचे मत सुधारले होते, म्हणून त्या टिकल्या. महारांना अशी संधी नीट मिळायच्या आतच घरी पाठवले गेले. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी परिषद भरली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी भाषणात या बंद झालेल्या लष्करी नोकऱ्यांचा विषय काढला होता. समोर बसलेल्यांत जुने पेन्शनर होते. कशाबद्दल बोलणे चालले आहे, हे त्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती.

कुतचा एक धडा मात्र सैन्याने घेतला, आणि तो चांगला घेतला. १९२२ च्या फेररचनेत सहा मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आणल्या गेल्या. पाच पलटणी लढण्यासाठी आणि सहावी, जुनी ११४ वी, फक्त शिकवण्यासाठी. तिला दहावा क्रमांक देऊन बेळगावला कायमची बसवली. आता उस्ताद आघाडीवर पाठवायचे नाहीत, राखून ठेवायचे, असा त्याचा अर्थ. बेळगावचे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे आजचे केंद्र याच व्यवस्थेतून वाढले आहे.

१९३९ मध्ये सैन्य सुमारे दोन लाखांचे होते. १९४५ पर्यंत ते पंचवीस लाखांवर गेले. सक्तीची भरती नसताना उभी राहिलेली जगातली ही सर्वांत मोठी फौज. वजन-उंचीचे नियम खाली आणले गेले. बेळगावच्या बॅरेकीत येणारा रंगरूट बहुधा किडकिडीत असे आणि त्याच्या पायाला बूट ठाऊक नसत. पहिले काही आठवडे पोटभर जेवण, पहाटेची दौड, पीटी आणि ड्रिल यांतच जात. दुसरीकडे त्याला वर्गात बसवून रोमन लिपीत हिंदुस्थानी लिहायला-वाचायला शिकवत, कारण पठाण, मद्रासी आणि मराठा यांना एकमेकांचे हुकूम कळायला तीच भाषा होती. कोकणातल्या कित्येकांनी स्वतःची सही पहिल्यांदा केली ती अशी इंग्रजी अक्षरांत.

ड्रिल म्हणजे नुसती परेड नव्हे. सेक्शनचे काम कसे चालते, ते पाहिले की तिचे महत्त्व कळते. सेक्शनमध्ये एक ब्रेनगन असते. ती चालवणारा पोटावर पडलेला, त्याच्या शेजारी दुसरा, मॅगझिन बदलून देणारा. बाकीचे रायफलवाले. ब्रेन बोलत असते तोवर शत्रूला डोके वर काढता येत नाही, आणि तेवढ्या वेळात रायफलवाले बाजूने पुढे सरकतात. ते पुढे जाऊन पडले की त्यांच्या गोळीबाराच्या आडोशाने ब्रेन पुढे येते. मॅगझिन संपायला काही सेकंद लागतात, बदलायला त्याहून कमी. त्या फटीत उठला तो मेला. म्हणून उस्ताद बेळगावच्या माळावर हीच गोष्ट इतक्या वेळा करून घेत, की विचार न करता हात आणि पाय आपोआप चालावेत. घाडगे ज्या क्षणी एकटे उठले, त्या क्षणाच्या मागे हा माळ होता.

दुसऱ्या युद्धातही एक जुनी चूक मात्र पुन्हा झाली. नव्या पलटणी भराभर उभ्या करायच्या म्हणून जुन्या पलटणींतून अनुभवी नाईक-हवालदार काढून नव्यांना वाटले गेले. दोन्हीकडे पातळ झाले. त्यातच बरीचशी तयारी वाळवंटासाठी केलेली होती, आणि जपानी आले जंगलातून. मलाया, ब्रह्मदेश आणि १९४२-४३ ची आराकानची पहिली मोहीम, तिन्हीकडे मार बसला. जपानी तुकडी समोरून अडवायची, बाजूच्या झाडीतून मागे शिरायची आणि रस्ता तोडायची. लॉऱ्यांवर अवलंबून असलेले आपले सैन्य रस्ता गेला की घाबरून मागे फिरे.

यानंतर जे झाले ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत शिकण्यासारखे वाटते. जून १९४३ मध्ये एका समितीने पायदळाच्या प्रशिक्षणाची तपासणी केली आणि स्पष्ट सांगितले की कच्ची माणसे आघाडीवर जात आहेत. मग दोन अख्ख्या डिव्हिजन लढाईतून काढून फक्त शिकवण्याच्या कामाला लावल्या गेल्या, एक सहारनपूरला आणि दुसरी नागपूरच्या उत्तरेला छिंदवाड्याला. रेजिमेंटच्या केंद्रातून बाहेर पडलेल्या जवानाने आधी दोन महिने तिथल्या जंगलात राहायचे, मगच ब्रह्मदेशाची गाडी पकडायची. रात्री आवाज न करता चालणे, हाताच्या खुणांनी बोलणे, पाठीवर बसेल एवढ्याच सामानात दिवस काढणे, खेचरांवर माल नेणे, विमानातून पडणारा शिधा गोळा करणे. खाकी कपड्यांना हिरवा रंग आला. मुख्य नियम एकच होता. शत्रू मागे आला तरी जागा सोडायची नाही, चारी बाजूंना तोंड करून बसायचे. वेढा पडल्यासारखे वाटले तर वेढ्यात शत्रूच आहे असे समजायचे. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला चौथी मराठा पलटण पॅराशूट ब्रिगेडबरोबर अशीच ठाम राहून लढली. शेवटी तिला माघार घ्यावी लागली, पण तिथे गेलेले दिवस कोहिमा आणि इंफाळच्या संरक्षणाच्या उपयोगी पडले.

जंगलातला दुसरा शत्रू डास. चौदाव्या सैन्याचे सेनापती स्लिम यांनी लिहून ठेवले आहे की १९४३ मध्ये जखमी होऊन मागे येणाऱ्या एका माणसामागे १२० माणसे आजारी पडून येत. डॉक्टर आणि औषधे होती, शिस्त नव्हती. हिवतापावरच्या मेपाक्रिनच्या गोळीने त्वचा पिवळी पडते आणि पुरुषत्व जाते, अशी अफवा पसरली होती. स्लिम यांनी अचानक तपासण्या सुरू केल्या आणि ज्या पलटणीत गोळी घेणाऱ्यांचे प्रमाण कमी आढळले, तिच्या कमांडिंग अधिकाऱ्यालाच काढले. तिघांना काढल्यावर बाकीचे समजले. सैन्य बदलते ते असे, वरच्यांनी जबाबदारी घेतली तर.

या भरतीच्या लाटेत महारांचे दार दुसऱ्यांदा उघडले. या वेळी मागणी करणारा माणूस सरकारच्या आत पोहोचला होता. डॉ. आंबेडकर १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर आले, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी कामठीला. टोपीवरच्या चिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. पण वीस वर्षांच्या खंडामुळे पलटणीतून वर चढलेले महार सुभेदार-हवालदार फारसे राहिलेच नव्हते. पहिल्या पलटणीचे सुभेदार मेजर शेख हसनुद्दीन बाहेरून आणावे लागले. बंद दाराची किंमत अशी असते: ते उघडल्यावरही शिकवणारा बाहेरून आणावा लागतो, आणि आपला उस्ताद तयार व्हायला आणखी दहा वर्षे लागतात.

१९४५ नंतर पुन्हा ओहोटी लागली. पंचवीस लाखांचे सैन्य घरी जाऊ लागले. १९२१ सारखेच महार रेजिमेंटचे होण्याचा धोका होता. ऑक्टोबर १९४६ मध्ये तिला मशिनगन रेजिमेंट करण्यात आले आणि ती टिकली. चिन्हात तिपाईवरच्या दोन व्हिकर्स मशिनगन आल्या. मध्यम मशिनगन चालवायला कोन, अंतर आणि पल्ल्याचे कोष्टक वाचता यावे लागते. ज्यांना लष्करी शाळा नाकारली गेली, त्यांच्या नातवंडांनी हे काम उत्तम केले. पुढे रेजिमेंट पुन्हा पायदळात आली. तिच्यात आता सगळ्या समाजांचे जवान असतात, आणि आठव्या महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतल्या १९८७ च्या लढाईसाठी मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

१९६२ मध्ये चीनकडून मार खाल्ल्यावर हीच गोष्ट स्वतंत्र भारतात घडली. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. सैन्य ८ लाख २५ हजारांपर्यंत नेण्याचे आणि दहा पहाडी डिव्हिजन उभ्या करण्याचे ठरले. अधिकारी कमी पडत होते, म्हणून आणीबाणीतले कमिशन सुरू झाले आणि पुणे व मद्रास इथे नव्या प्रशिक्षण शाळा निघाल्या. हिमालयातल्या थंडीत, विरळ हवेत लढायला माणूस टप्प्याटप्प्याने उंचावर न्यावा लागतो, हे १९६२ च्या हिवाळ्यात मैदानी कपड्यांत वर पाठवलेल्या जवानांनी जिवाचे मोल देऊन शिकवले.

आज रायगडच्या मुलांच्या तोंडी भरतीचे आकडे पाठ असतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, बीमवर दहा, नऊ फुटांचा खड्डा. पनवेल परिसरातल्या मैदानांवर पहाटे धावणारी पोरे पोलिसभरती आणि लष्करभरती, दोन्हींच्या मागे असतात. २०२२ पासून लष्कराची भरती अग्निवीर म्हणून होते. सहा-सात महिन्यांचे प्रशिक्षण धरून चार वर्षांची नोकरी, आणि शेवटी चारांतला एक कायम. या योजनेवर वाद पुष्कळ झाला, बहुतेक पेन्शन आणि नोकरीच्या बाजूने. तो महत्त्वाचा आहेच. रत्नागिरी-रायगडच्या घरांना पेन्शनचे मोल कोणी सांगायला नको. पण कुतचा वेढा आणि आराकानचा पराभव वाचल्यावर मला त्याहून मोठा वाटतो तो प्रश्न असा: नाईक व्हायला काही वर्षे लागतात, हवालदार व्हायला त्याहून जास्त, आणि चांगला उस्ताद हवालदारांतूनच निघतो. चारांतून जो एक राहील, त्यालाच पुढे पलटणही सांभाळायची आहे आणि रंगरूटही शिकवायचे आहेत. उद्या मोठे युद्ध आले आणि तोच आघाडीवर गेला, तर बेळगावच्या माळावर कोण उभे राहणार, याचे उत्तर योजना आखणाऱ्यांनी आकड्यांत द्यायला हवे.